बुधवारची ओपीडी: पाळी गेल्यावर लाल दिसलं तर एका फेरीत काय काय होतं

दर बुधवारी दुपारी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका स्त्रीरोग हॉस्पिटलात वेगळी ओपीडी चालते. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि आता पुन्हा अंगावरून लाल गेलंय, फक्त अशा बायकांसाठी. केसपेपर, आतून तपासणी, सोनोग्राफी आणि लागलाच तर गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा (बायोप्सी), सगळं एका फेरीत. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण खाली तक्रारी आहेत. दुसरीकडे कुठं अशी सोय असेल तर याच कसोट्या तिथंही लावून बघता येतील.

मत आधीच सांगून टाकतो. तपासणीचा क्रम बरोबर आहे, हात हलका आहे, आणि तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय पिशवी काढायचा विषय कुणी काढत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी पाचातले चार तारे. पाचवा रिपोर्ट कळवायच्या पद्धतीनं घालवला.

"पिशवीचं काम झालंय, काढून टाका" हे आपल्याकडं फार सहज बोललं जातं. अस्तरात कॅन्सर आहे हे माहीत नसताना ऑपरेशन झालं, तर अंडाशय, नळ्या, लसिकाग्रंथी यांचं काय करायचं ते ठरवायची संधी हातची जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पिशवी पोटातच बारीक करून काढली, तर पेशी पसरायची भीती आणखी. आणि कारण नुसता कोरडेपणा असेल तर पिशवीला हात लावायची गरजच नव्हती. म्हणून आधी तुकडा.

पाळी गेल्यावर लाल गेलेल्या १०० बायकांत साधारण ९-१० जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांत सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे इस्ट्रोजेन कमी झाल्यानं पातळ, कोरडं पडलेलं अस्तर. मग पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब), मग जाड झालेलं अस्तर. हे ऐकून जीव भांड्यात पडतो खरा, पण उलटा हिशेब असा, की अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहातल्या नऊ जणींना रक्त गेलेलं असतं. "एकदाच ठिपका पडला, मग थांबलं" म्हणून गप्प बसू नये ते यासाठी. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेच्या २०१५ च्या सूचनांनी ५५ वर्षांच्या पुढच्या अशा बाईला दोन आठवड्यांत तज्ज्ञाकडं पोचवायला सांगितलं, आणि एका फेरीत सगळं उरकणारी क्लिनिकं तिथं रुळलेली आहेत. ही ओपीडी त्याच वळणाची आहे. ५५ ची अट इथं लावत नाहीत ते बरं. आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते.

आता फोनवर नंबर घेण्यापासून.

इथंच पहिली चूक होते. काउंटरवरचा मुलगा सवयीनं "लिटरभर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका" सांगतो. ते पोटावरून करायच्या सोनोग्राफीला. इथली मुख्य सोनोग्राफी आतून होते आणि तिला लघवीची पिशवी रिकामी लागते. गारगोटीच्या एसटीत दीड-दोन तास आवळून बसलेली बाई खोलीत गेली, की पहिलं वाक्य ऐकते, "आधी लघवी करून या." दुसरा गैरसमज बायकांचा स्वतःचा: ऑपरेशन असल्यासारखं उपाशी येणं. उपाशी यायचं नाही. शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी आलेल्या बाईला तुकडा घेताना चक्कर यायची शक्यता जास्त. दोन घास खाऊनच निघावं.

सोबत गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी नको, पाकिटंच आणावीत. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आपल्या मनानं बंद करू नये. आणि "त्या गोळीनंच रक्त गेलं असेल" म्हणून तपासणीही टाळू नये, कारण ती गोळी खाली असलेलं दुखणं उघडं पाडते एवढंच. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते केसपेपर करतानाच सांगावं. त्या गोळीनं अस्तर सोनोग्राफीत जाड, फोड आल्यासारखं दिसतं, जाडीचा नेहमीचा नियम (तो खाली सोनोग्राफीत येईल) लागू पडत नाही, आणि थेट दुर्बीण (योनीतून दुर्बीण घालून पिशवी आतून बघणं) किंवा तुकड्याकडं जावं लागतं.

केसपेपर करणाऱ्या सिस्टर या ओपीडीची खरी जमेची बाजू. आधी मुलाला, सुनेला बाहेर बसवतात. मग विचारतात, शेवटची पाळी कधी? उत्तर ठरलेलं: "लई वर्सं झाली की." त्यावर सिस्टर तारीख मागत बसत नाहीत. "आक्का, २०१९ चा महापूर आठवतोय न्हवं? तवा पाळी येत हुती?" "तवा येत हुती. दुसऱ्या पुराला नव्हती." म्हणजे २०१९ च्या ऑगस्टनंतर आणि २०२१ च्या जुलैआधी. बारा महिने पाळी नाही, मग रक्त, हा निकष अशा एका प्रश्नात निकाली निघतो. पुढचा प्रश्न रक्त नक्की कुठून आलं हा. लघवीच्या जागेवरची लाल गाठ, मूळव्याध, दोन्हींतलं रक्त लुगड्यावर सारखंच दिसतं. शंका असेल तर पॅड देऊन काही वेळ बसवतात आणि डाग कुठं पडला ते बघतात. साधी युक्ती, पण पुष्कळ ठिकाणी कुणी करत नाही.

कपडे बदलायची जागा मात्र कुणी पाचवारीसुद्धा न नेसणाऱ्यानं आखलेली दिसते. पडद्यामागं जेमतेम तीन फूट, एक खुंटी, बसायला काही नाही. नऊवारीचा काष्टा सोडून गाऊन घालणं कसंबसं जमतं. तपासणीनंतर पॅड सावरत पुन्हा नेसायला तिथं हातही पसरता येत नाहीत. शेवटी बाया सोनोग्राफीच्या खोलीत नेसतात आणि पुढचा नंबर खोळंबतो. एक स्टूल आणि आणखी दोन फूट जागा, एवढंच लागेल.

आतली तपासणी बारीक स्पेक्युलमनं (योनी उघडून बघायचं साधन), जेल लावून करतात. या वयात योनी आखडलेली, कोरडी असते; नेहमीच्या आकाराचं स्पेक्युलम घातलं तर तेच ओरखडा काढतं आणि मग रक्त कशाचं हा नवा घोळ. अंग बाहेर येत असेल तर त्यावरची जखम हेही रक्ताचं कारण असू शकतं, ते बघतात. पिशवीचं तोंड नीट पाहतात आणि पॅप आधी झालेली नसेल तर घेतात. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या: पॅप पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. ती नॉर्मल आली म्हणजे अस्तर नॉर्मल असं होत नाही. वर्षभरापूर्वीची नॉर्मल पॅप दाखवून तुकडा टाळायला बघणाऱ्या बायका बऱ्याच असतात.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. पिशवीच्या उभ्या छेदात, जिथं सगळ्यात जाड असेल तिथं, दोन्ही थर मिळून. मध्ये पाणी असेल तर ते धरत नाहीत. ४ मिलिमीटर किंवा कमी आणि अस्तर कडेपर्यंत स्वच्छ दिसत असेल, तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहून कमी. अशा बाईला तुकड्याशिवाय घरी पाठवतात, कोरडेपणासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात आणि पुन्हा लाल दिसलं तर जाडी कितीही असो, परत या असं कागदावर लिहून देतात. हे लिहून देणं महत्त्वाचं. फायब्रॉइडमुळं (पिशवीतली साधी गाठ) किंवा पिशवी आडवी असल्यामुळं अस्तर धड दिसलंच नाही, तर रिपोर्टात "दिसलं नाही" असंच लिहितात, "नॉर्मल" नाही. त्या बाईला पुढं दुर्बीण.

तुकडा पिपेल नावाच्या प्लॅस्टिकच्या लवचीक नळीनं घेतात. नळी साधारण ३ मिलिमीटर जाडीची, आतला दट्ट्या ओढला की पोकळी होऊन अस्तर आत येतं. भूल नाही, टाका नाही. अर्धा-एक मिनिट ओटीपोटात पाळीसारखी जोराची कळ येते. "काही दुखत नाही" असं कुणी सांगितलं तर ते खोटं. इथले डॉक्टर तसं सांगत नाहीत, आणि बाईनं हात वर केला की थांबतात. कुणाचं पोट दुखून गरगरतं, घाम येतो, नाडी मंदावते. पाय वर करून दहा मिनिटं निजवलं की उतरतं.

दुखणं कमी करायची गोळी मात्र चुकीच्या वेळी मिळते. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम खाल्ल्यावर तासभर आधी घेतली तर उपयोगी. इथं तुकडा घ्यायचं ठरल्यावर, म्हणजे दहा मिनिटं आधी, हातात ठेवतात. तिचा असर परतीच्या बसमध्ये व्हायचा. केसपेपर करतानाच मागून घ्यावी. किडनीचा त्रास, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल विचारावी.

पिशवीचं तोंड आखडून बंद झालेलं असेल तर नळी आत जात नाही. गेली तरी पातळ अस्तरातून काहीच न येणं नेहमीचं. रिपोर्टावर "नमुना अपुरा" आलं तर त्याचा अर्थ "काही नाही" असा लावायचा नाही. सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसलं असेल तर डॉक्टर थांबू शकतात. जाड दिसलं असेल तर दुर्बीण करावीच लागते. पिपेल आंधळेपणी तुकडा घेते, एका कोपऱ्यातला पॉलिप तिला चुकू शकतो. दुर्बिणीची सोय इथं बुधवारी नाही, दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळतो. "एका फेरीत सगळं" ही जाहिरात तेवढी आखडती घ्यायला हवी.

घरी गेल्यावर दोन-चार दिवस थोडं लाल जाणं चालतं. ताप, घाण वास, किंवा तासाला पॅड भिजणं चालत नाही. तेव्हा लगेच परत.

बिलाचा घोळ असा: फोनवर जो आकडा सांगतात त्यात पॅथॉलॉजीची फी धरलेली नसते. ती लॅब वेगळी घेते. चारही भाग, म्हणजे केसपेपर, सोनोग्राफी, तुकडा आणि लॅब, वेगवेगळे विचारून बेरीज करावी. महात्मा फुले योजना भरती होऊन करायच्या उपचारांना लागते, ओपीडीतल्या तपासणीला नाही. कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं, म्हणून रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव एकच आहे ना ते आत्ताच बघून ठेवावं.

आता गेलेला तारा. तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून, बाईसमोरच बाटलीवर नाव, वय, तारीख लिहून लॅबला जातो. मेणात बसवून, काप काढून, रंगवून बघायला साधारण आठवडा लागतो. हे सगळं ठीक. पण रिपोर्ट आल्यावर कळवायची जबाबदारी कुणाची, हे कुठंच लिहिलेलं नाही. वाईट निघालं तर फोन येतो, बाकीच्यांनी येऊन न्यायचा असं तोंडी सांगतात. म्हणजे फोन आला नाही याचे दोन अर्थ: चांगलं आहे, किंवा रिपोर्ट कुठंतरी पडून आहे. दहाव्या दिवशी स्वतः फोन करावा आणि नुसतं "नॉर्मल आहे" यावर न थांबता कागद मागून घ्यावा. त्यावर "हायपरप्लासिया" (जाड झालेलं अस्तर) असेल तर पुढचा शब्द वाचायचा. एटिपिया (पेशींचं रूप बिघडलेलं असणं) नसेल तर २० वर्षांत कॅन्सर व्हायची शक्यता ५ टक्क्यांहून कमी; मिरेनासारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन किंवा गोळ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा. एटिपिया असेल तर पिशवी काढायचा सल्ला तेव्हा योग्य. कॅन्सर निघाला तर कागदाबरोबर मेणाचा ब्लॉक आणि तुकड्याचे काप लावलेल्या काचाही लॅबकडून घ्याव्यात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटामध्ये गेलात तर तिथं त्या पुन्हा तपासतात, आणि नसतील तर त्यासाठी परत कोल्हापूर.

आणि केसपेपरवर फोन नंबर मुलाचा पडतो. बाईला विचारलं तर तीही तोच सांगते. पोरगा एमआयडीसीत शिफ्टला असतो, फोन उचलत नाही, किंवा उचलतो आणि आईला घाबरवायला नको म्हणून चार दिवस सांगत नाही. दुसऱ्या नंबरासाठी तिथं रकाना आहे, रिकामाच राहतो. त्यात बाईचा स्वतःचा साधा मोबाइल लिहायला लावा.