आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल: काम चोख, पण सरसकट नको

मुरुमांवर पोटात घ्यायच्या औषधांत आयसोट्रेटिनॉइनच्या तोडीचं दुसरं नाही. तैलग्रंथी आकसतात, छिद्रं तुंबायची थांबतात आणि कोर्स पुरा केलेल्या बऱ्याच जणांचे मुरूम परत फिरकत नाहीत. तरीही कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांसाठी हे पाकीट फोडायची गरज नाही.

मुरूम किती आहेत यापेक्षा ते किती खोल आहेत ते बघा. बोटाला लागणाऱ्या दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर वरून लावायच्या जेलवर महिने घालवू नयेत. पडलेला खड्डा क्रीमनं भरत नाही. बाकीच्यांनी आधी रात्री अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्के आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, अशी दोन जेल १२ आठवडे लावावीत. 'जेलचा उपयोग झाला नाही' म्हणणारे बहुतेक जण चेहरा सोलवटला की तिसऱ्या आठवड्यातच ते सोडतात, नाहीतर नुसत्या फोडावर टिपका लावतात. अ‍ॅडापॅलिन वाटाण्याएवढं घेऊन कोरड्या चेहऱ्यावर सगळीकडे, सुरुवातीला एक दिवसाआड लावायचं. (अभ्रे, टॉवेल पांढरे ठेवा, पेरॉक्साइड रंग उडवतं.) गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर मुरूम त्यानंच उठलेले असू शकतात. मुलींची पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनची गडबड) तपासणी आधी.

मधली पायरी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीची. ते जेलच्या जोडीनं आणि साधारण ३ महिनेच. नुसतं घेत राहिलं तर जंतू दाद देईनासे होतात. गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवं होऊ नका. आयसोट्रेटिनॉइनसोबत मात्र ती कधीच नाही, डोक्यातला दाब वाढण्याचा धोका असतो.

आयसोट्रेटिनॉइनचा एकूण डोस सहसा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम धरतात. ५० किलो वजनाला किमान ६००० मिलिग्रॅम, म्हणजे रोज २० घेतल्यास ३०० दिवस. दोन महिन्यांत चेहरा नितळ झाला म्हणून सोडणाऱ्यांचे मुरूम उलटतात ते याचमुळे. कॅप्सूल तूप-तेल असलेल्या जेवणासोबतच घ्यावी, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ओठ फुटणारच, बाम खिशात हवा. पहिल्या महिन्यात मुरूम वाढूही शकतात. यकृत आणि ट्रायग्लिसराइडची (रक्तातली चरबी) तपासणी सुरू करण्याआधी आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा. मन फार उदास वाटलं तर लगेच कळवा.

गर्भावर याचा परिणाम भयंकर होतो. औषध चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, रक्तदानही नको. केमिस्टनं चिठ्ठीशिवाय हातावर ठेवली तर घेऊ नका.