आठ महिने वापरलेले हार्ड लुअर: अंग एक नंबर, रिंगांनी घात केला

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास उजनी धरणाच्या कडेला दगडाच्या टोकावरून हार्ड लुअरचा (गळाला लावायच्या टणक नकली माशाचा) कास्ट मारला, पाच-सहा वेळा रील फिरवली असेल नसेल तोच असा दणका बसला की रॉड हातातून जाते की काय असं झालं. दोन मिनिटं झुंज चालली, एकदा वर आला तेव्हा लांबलचक चपटं अंग दिसलं, शिवडाच होता, माझ्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या माशापेक्षा मोठा. आणि मग दोरी एकदम ढिली. लुअर परत आला तो पोटाखालच्या हुकशिवाय. ब्रेड (विणलेली दोरी) शाबूत, लीडर (तिच्या टोकाचा वेगळा तुकडा) शाबूत, स्नॅप (लुअर अडकवायची कडी) शाबूत, आणि हुक जिला अडकवलेला असतो ती स्प्लिट रिंग फाकून गेलेली. मासा गेल्याचं दुःख आहेच पण त्याहून जास्त मनाला हे लागलंय की तो बिचारा तोंडात तीन तोंडांचा हुक घेऊन फिरतोय, आणि कारण काय तर काही रुपयांची एक रिंग. म्हणून हे लिहायला बसलोय.

तर पाच पीसचा हा सेट मी गणपती झाल्यावर ऑनलाईन मागवला होता, अकराशे पन्नास रुपयांना. तीन मिनो, म्हणजे सडपातळ माशाच्या आकाराचे, नऊ सेंटीमीटरचे, तरंगणारे, आणि दोन गुटगुटीत क्रँक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशाच बॉडीचे लुअर वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला वाटतं यातल्या बऱ्याच जणांची बोंब एकच आहे. डिसेंबरमध्ये मी याला पाच स्टार दिले होते, ते आज मागे घेतोय. पण सगळे नाही, का ते पुढं सांगतो.

आधी चांगलं. बॉडी खरंच सुंदर आहे. माझ्याकडं मित्राने दिलेला रापालाचा जुना मिनो आहे, त्याच्या शेजारी ठेवून दोन्ही ओढून बघितले तर हळू ओढताना याचं डुलणं त्याच्या अगदी जवळ जातं. आणि हळू ओढताना डुलणं हीच या वस्तूची खरी परीक्षा, जोरात ओढल्यावर काय, चमचा पण डुलतो. फिनलंडच्या लौरी रापालानं १९३६ मध्ये आपला पहिला लुअर कोरून बनवला, बुचाच्या लाकडाचा, वर चॉकलेटची चांदी आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेलं वार्निश. त्याला एवढंच दिसलं होतं की मोठा मासा अख्ख्या थव्यातून जो जरा लंगडत पोहतो त्यालाच पकडतो. आपल्याकडची मरळ असो नाहीतर शिवडा, वेगळं काही करत नाही. म्हणून तीन-चार वेळा रील फिरवायची, थांबायचं, लुअर आपोआप वर यायला लागतो, आणि बहुतेक वेळा नेमकं त्या थांबण्यातच मासा घेतो. मला आठ महिन्यांत मिळालेल्या एकवीस माशांपैकी निम्म्याहून जास्त थांबल्यावर घेतलेत. बुडणारा लुअर घेतला असता तर ही मजा गेली असती आणि उजनीतल्या जुन्या बाभळींच्या खोडात पहिल्याच दिवशी दोन लुअर दिले असते ते वेगळं. तरंगणाऱ्याचा फायदा हाच की कुठं घासला असं हाताला जाणवलं की दोरी ढिली सोडायची, तो स्वतःच मागं सरकून वर येतो.

खोलीचं गणित नवीन मुलं विचारतात म्हणून सांगतो. रंग बघत बसू नका, लिप (तोंडाशी असलेली चपटी जीभ) बघा. लिप आखूड आणि खाली वळलेली असेल तर लुअर वरवर चालतो, लांब आणि नाकाच्या रेषेत पुढं आलेली असेल तर खाली जातो. आणि दोरी जाड लावली की तोच लुअर कमी खोल जातो. माझ्याकडं वीस पौंडाची ब्रेड आहे, तीस पौंडाची लावून बघितली तर जो क्रँक तळाच्या दगडांना टकटक लागत जायचा तो लागेनासा झाला. नाकाला जड स्विव्हल (फिरती कडी) लावू नका, छोटा गोल तोंडाचा स्नॅप पुरे, नाहीतर मिनो नाक खाली घालून पडतो. पाचातला एक पीस पहिल्या दिवसापासून उजवीकडं पळत होता, खराब निघाला म्हणून परत पाठवणार होतो, पण नाकातली तार पकडीनं केसभर डावीकडं वाकवली आणि सरळ झाला. ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला वाकवायची, आणि खरंच केसभरच, जास्त वाकवली तर मोडते.

रंगाबद्दल एवढंच की उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं गढूळ होतं तेव्हा पिवळा-हिरवा भडक चालला, आणि हिवाळ्यात पाणी जरा स्वच्छ असताना चिलापी माशाच्या पिल्लासारखा राखाडी पट्ट्यांचा. पण गावच्या पाझर तलावात दोन्हीवर सारख्याच मरळी आल्या, त्यामुळं रंगासाठी जादा पैसे मी तरी घालणार नाही. हां, पाझर तलावात शेवाळ आणि पाणवेली आहेत तिथं हार्ड लुअर टाकूच नका, तिथं पोकळ रबरी बेडूकच चालतो, हार्ड लुअर फक्त मोकळ्या पाण्याला. आणि तो रबरी बेडूक हार्ड लुअरच्या कप्प्यात ठेवू नका हो, माझा एक क्रँक तसा गेला, रबरातलं तेल सुटून रंग अक्षरशः चिकट झाला, मासा मिळणं दूर, हात लावायला पण किळस.

आता मूळ मुद्दा, रिंग.

रविवारी घरी आल्यावर राहवेना. बॅगचं वजन करायचा हुकवाला काटा घेतला, खिडकीच्या गजाला पक्की तार बांधली आणि सेटमधल्या राहिलेल्या रिंगा एक-एक करून ताणल्या. पाच रिंगा ताणल्या, पाचही चार ते साडेचार किलोच्या आसपास फाकल्या. एकही पाचपर्यंत गेली नाही. माझा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रील दोरी सोडायला लागते ते, साधारण तीन किलोवर असतो, म्हणजे कागदावर बघितलं तर वाचायला पाहिजे होती. पण मासा काही काट्यासारखा सरळ सावकाश ओढत नाही, तो डोकं झटकतो, गिरकी घेतो, आणि तीन तोंडांचा हुक रिंगेत आडवा होऊन तिच्यावर पाचरीसारखा बसतो. मग शहरातल्या दुकानातून वेगळ्या रिंगा आणल्या, दहाचं पाकीट नव्वद रुपयांना, म्हणजे नगाला नऊ रुपये. दहा किलोपर्यंत ताणल्या, हलल्या नाहीत, त्याच्या पुढं मीच थांबलो कारण खिडकीचा गज भाड्याच्या घराचा आहे. नऊ रुपये! पाच लुअरला दहा रिंगा, म्हणजे अख्ख्या सेटचा खर्च नव्वद रुपयांनी वाढला असता, तोही माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाच्या भावानं, कंपनीला तर किती स्वस्त पडत असतील. साडेबाराशेला विकला असता तरी मी घेतला असता आणि आज पाच स्टारच राहिले असते.

कंपनीला लिहिलं, फोटो पाठवले, काट्याचा व्हिडिओ पण पाठवला. पहिलं उत्तर आलं की हुक आणि रिंग हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं झिजणारा भाग हुकचं टोक असतं, मान्य, ते बोथट होतं, नखावर घासून बघतो मी, रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानशीनं घासायचं, ते माझं काम. पण रिंग झिजली नाही, ती उघडली. दुसरं उत्तर आलं की गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांसाठी बनवलंय. मग डब्यावर एवढ्या मोठ्या माशाचं चित्र कशाला छापता? तिसऱ्या मेलला अजून उत्तर नाही. फोनवरचा मुलगा मात्र बिचारा नीट बोलला, त्याच्यावर राग नाही.

पण इथं माझं मत थोडं फिरलं ते प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. रिंगांबरोबर मी हुकही बदलले, सहा नंबरचेच पण जाड तारेचे, आणि खूश होऊन अंगणातल्या पाण्याच्या टिपात लुअर सोडला तर तो तरंगेना! सावकाश शेपूट खाली करून तळाला गेला. ओढून बघितला तर ते गोड डुलणं पण मेलं, लाकडाचा तुकडा ओढल्यासारखं. मग सोनाराकडं जाऊन हुक वजन करून आणले (त्यानं विचारलं कसले दागिने, म्हटलं माशांचे). जुना हुक एक ग्रॅमच्या आतबाहेर, नवा दीड ग्रॅमच्या वर. दोन हुकांचा मिळून एक ग्रॅमहून जास्त फरक, आणि लुअर आहे जेमतेम दहा ग्रॅमचा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कंपनीनं पातळ हुक नुसते पैसे वाचवायला लावलेले नसणार, बॉडी हलकी आहे, ती त्याच वजनाला जुळवलेली आहे. म्हणजे हुकबद्दल मी त्यांना जे मेलमध्ये बोललो ते निम्मं चुकीचं होतं, आणि तसं मी चौथ्या मेलमध्ये लिहिलंही. पण रिंगेला ही सबब चालत नाही. जुन्या आणि नव्या रिंगेच्या वजनात सोनाराच्या काट्यावर पण सांगण्याजोगा फरक पडला नाही. तिथं नुसतंच हलक्या प्रतीचं पोलाद वापरलंय, त्याला दुसरं कारण नाही.

सध्या जे केलंय ते असं. नव्या दणकट रिंगा, आणि तीन तोंडी हुकच्या जागी एकेरी हुक, लुअरसाठी येतात तसे, ज्याचं भोक आडवं वळवलेलं असतं. वजन मूळच्या जवळपास बसतं त्यामुळं लुअर टिपात पहिल्यासारखा आडवा तरंगला. पुढचा हुक तोंडाकडं टोक करून, मागचा पाठीकडं. अडकणं कमी झालं, मासा सोडताना एका चिमट्यात सुटतो, आणि मरळ गिरकी घेते तेव्हा दुसरा हुक आपल्या तळहातात घुसायची भीती कमी. हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे मी पकडीनं दाबून टाकलेत. दोन सकाळी वापरून झाल्या, तीन मरळी आल्या, एक सुटली. तीन तोंडीनं ती सुटलेली लागली असती का, असेलही. पण माझ्या हातातून हुकसकट पळालेला मासा आता डोळ्यासमोर येतो त्यामुळं मला हा सौदा मान्य आहे.

अजून एक. उन्हाळ्यात लुअरचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला जातो, बंद डिकीत किती होत असेल विचार करा, बॉडी आतून पोकळ असते, हवा फुगते. एका मिनोचा सांधा पोटाखाली उकलला, पाणी आत जातंय, कानाशी हलवला की छर्रे खुळखुळतात त्यात पाण्याचा डुबुक आवाज येतो. सुपरग्लूनं बंद केलाय, टिकतो का बघू. हा दोष मी कंपनीच्या खात्यात धरत नाही.

आता धरण मायनसमध्ये गेलंय, एरवी पाण्याखाली असणारं पळसदेवचं देऊळ वर आलंय, पाणी ओसरून जुनी खोडं, बांध, विहिरींचे काठ उघडे पडलेत. ज्यांना लुअर वाचवायचेत त्यांनी मासे न पकडता एक दिवस नुसतं चालून या आणि फोनमध्ये जागा टिपून ठेवा, पाणी भरल्यावर मासा तिथंच बसतो आणि लुअरही तिथंच अडकतो. माझ्याकडं अशा चौदा जागा झाल्यात. उतरायच्या आधी मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडं असेल तिथल्या माणसाला विचारा, आमच्या बाजूचे भाऊ कधी नाही म्हणत नाहीत, त्यांच्या जाळ्याच्या बुचांपासून लांब राहा एवढंच सांगतात. तुटलेली ब्रेड तिथं टाकू नका, भिगवणच्या बाजूला पक्षी केवढे येतात, पायात गुंतते.

आणि पाऊस सुरू झाला की पाझर तलावात मरळीची पिल्लं लालसर पुंजक्यानं वर येतील, खाली आईबाप राखण करत असतात आणि त्या वेळी काहीही टाकलं तरी रागानं घेतात. तेव्हा मी टाकत नाही. एक मरळ काढली की अख्खा पुंजका दुसरे मासे तासाभरात संपवतात, हे मी लहानपणी चुलत्यांबरोबर डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं जुलै-ऑगस्ट लुअर डब्यातच.

स्टार तीन देतोय. बॉडीला पाच, रिंगेला शून्य, आणि चौथ्या मेलला उत्तर आलं तर इथंच खाली लिहीन. राखाडी पट्ट्यांचा अजून एक मिनो सुटा मागवलाय, आणि रिंगांची दोन पाकिटं आधीच आणून ठेवलीत.