सोळा रविवार आणि एक भोंगा: शहरावरच्या कथालेखन कार्यशाळेचा अनुभव

मार्चमध्ये नाव नोंदवलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं की महिन्यातून दोन रविवार घरातून तीन तास सुटका. फी महिना पाचशे रुपये. आता आठ महिने झाले, म्हणून लिहायला बसलेय. कार्यशाळेचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि चालवणारी माणसं भली आहेत.

पद्धत साधी. एका रविवारी मुंबईतल्या परळ-लालबागकडच्या एखाद्या भागात पायी फिरायचं, पुढच्या रविवारी हॉलमध्ये बसून त्यातून सुचलेली कथा वाचायची. आम्ही बारा-तेरा जण. बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका, एक दाताची डॉक्टर, दोन कॉलेजची मुलं, बाकी माझ्यासारखे नोकरदार. फिरताना वही काढायची नाही, फोटो काढायचा नाही. सुरुवातीला हा जाच वाटायचा. एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत गेलो. सगळे शिंकून बेजार, डोळ्यांतून पाणी, वही काढली असती तरी अक्षर दिसलं नसतं. पण तराजूवरच्या बाईंनी मिरची हातात घेऊन देठ मोडून दाखवला, तो 'कट्' आवाज अजून कानात आहे.

पहिली कथा मी झोकात लिहिली होती. गिरणगावातली, म्हणजे ह्याच कापड गिरण्यांच्या भागातली पहाट, गिरणीचा भोंगा, डबे घेऊन निघालेली माणसं. वाचून झाल्यावर कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "भोंगा तू ऐकलायस?"

माझा जन्म १९८४चा. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला, आणि बाबा त्यानंतर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, परत गेलेच नाहीत. काही गिरण्या पुढेही रडतखडत चालल्या, तेव्हा भोंगा कानावर पडलाही असेल, पण मला आठवत नाही. तो मी इतरांच्या गोष्टींतून उचलला होता. सगळे उचलतात.

"मग तुझ्याकडचं काय आहे?"

माझ्याकडची होती नायगावच्या बीडीडी चाळीतली, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळीतली, १६० चौरस फुटांची खोली. मधून पॅसेज, दोन्ही हातांना खोल्या, भर दुपारी दिवा लावावा लागायचा. संपानंतर घरी बसलेला माणूस एवढ्या जागेत बसतो कुठे? खाटेवर. आई मोरीतून पाण्याची बादली उचलून निघाली की बाबा न सांगता पाय वर घ्यायचे. दिवसातून वीसदा तरी. भोंगा काढला, ते पाय घातले, आणि कथा पहिल्यांदा माझी वाटली. आठ महिन्यांचे चार हजार मला तिथेच वसूल झाले.

काकांचा एक मुद्दाही लक्षात राहिला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८मध्ये प्रभादेवी झालं, पण पात्राच्या तोंडी कुठलं नाव घालायचं? काका म्हणाले, "म्हातारा अजून एल्फिस्टनच म्हणणार, आणि मधला न गिळूनच म्हणणार." ह्यावर अर्धा तास वाद झाला. मजा आली.

आता कुरकुर. वाचनाच्या रविवारी वेळेचं भान कुणालाच नसतं. एकाने चौदा पानं वाचली, शेवटच्या तिघांना पाच-पाच मिनिटं उरली. आणि 'छान जमलंय' हा रोग. ताई नसतील त्या दिवशी प्रत्येक कथा छान जमलेली असते. कथांची पुस्तिका गणपतीत निघणार म्हणून वेगळे तीनशे घेतले, दिवाळी झाली, अजून पत्ता नाही.

आणि एक गोष्ट जी मला खरंच टोचली. एका फेरीत आम्ही सगळेच्या सगळे बीडीडीतल्या एका पॅसेजमध्ये शिरलो. चाळी पाडून तिथे टॉवर होतायत, जुन्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळणार, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यावर लोकांची नजर असतेच. एक बाई हातातलं पीठ न धुता दारात आल्या. "रूम बघायला आलात? इथे विकायची नाही कुणाला." मी म्हणाले, "नाही मावशी, मी इथलीच, बाजूच्या बिल्डिंगमधली." त्यांनी माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. पुढच्या फेरीपासून चार-चार जणांचे गट केले. हे आधीच सुचायला हवं होतं, मला तर नक्कीच.

लिखाणाचं तंत्र शिकायचं असेल तर इथे फारसं हाती लागणार नाही. कथेची रचना, निवेदन वगैरे दोन सत्रांत उरकलं. पुस्तक छापून आणायची घाई असेल तर मुळीच जाऊ नका, तीनशेचा किस्सा वर सांगितलाच. पावसाळ्यात जुने चप्पल घाला. जुलैची फेरी हिंदमाताला गुडघाभर पाण्यात संपली.

मी पुढचे सहा महिने भरलेत. बाबा आता नाहीत, म्हणून कथा आईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "खाट नव्हती गं आपल्याकडे, ती शेजारच्यांची. बाबा ट्रंकेवर बसायचे." दुसरा खर्डा चालू आहे.