नळदुर्ग की हत्तरसंग कुडल? आधी नदी बघा, मग ठरवा

सोलापूरहून सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतायचे, तर ही दोन्ही ठिकाणे चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहेत. एकाच दिवसात दोन्ही उरकू नका. नळदुर्ग हैदराबाद रस्त्याला, कुडल विजापूर रस्त्याच्या बाजूला; घाईत दोन्हींची मजा जाते.

नळदुर्गचे नवल म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर दगडी बंधारा घातला आणि त्याच्याच पोटात महाल बांधला. वरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, खिडकीसमोर पाण्याचा पडदा असतो आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. मात्र बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी आले तरच हे दिसते. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, त्यामुळे जून-जुलैत गेलेले बरेच जण नुसता बंधारा बघून हिरमुसतात. निघण्यापूर्वी नळदुर्गात कुणाला तरी विचारून घ्या. किल्ला पसरलेला आहे. नवबुरूज आणि उपळी बुरूज धरून तीन तास हाताशी ठेवा. उमरगा, हैदराबादकडे जाणाऱ्या एसटीने जाता येते, खाण्यापिण्याची सोय हमरस्त्यावर होते.

कुडलचे गणित नेमके उलटे. इथे भीमा आणि सीना एकत्र येतात. वरच्या धरणांतून भीमेत पाणी सोडले की संगमाचा काठ धोक्याचा होतो, म्हणून पूर ओसरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे: ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचील तो विजयी होईल. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी हा एक. हजार वर्षांपूर्वीचे हे वाक्य आपल्याच जिल्ह्यात आहे आणि सोलापुरातल्या कितीतरी घरांना त्याची खबर नाही, याची हळहळ वाटते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. मंदिरांत अंधार असतो, म्हणून लेख वाचायला चांगली विजेरी न्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाका. समोरून अक्षरे सपाट दिसतात, तिरप्या उजेडात खाचांच्या सावल्या पडून ती उठून येतात. लेखावर खडू किंवा पाणी लावू नका.

कुडलला स्वतःची गाडी असलेली बरी, एसटीच्या भरवशावर परतीचा घोळ होतो. जेवणही बांधून न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर टिकते.

लहान मुले बरोबर असतील आणि अर्धाच दिवस हाती असेल, तर बार्शी रस्त्यावरचे नान्नज घ्या. तिथे पहाटे काळवीट दिसतात. माळढोक पक्ष्याची आशा धरून मात्र जाऊ नका.

सप्टेंबरात सुटी मिळाली तर आमचा कौल नळदुर्गला. हिवाळ्यात, आणि शिलालेखांची गोडी असेल तर बिनदिक्कत कुडलला.