भोंडला की गोंधळ? शाळेच्या तंतुवाद्यवृंदासाठी

नाशिकच्या एखाद्या शाळेत मुलं व्हायोलिन, व्हिओला, चेलो घेऊन बसली, तर पहिली लोकधून कोणती द्यावी? माझं मत भोंडल्याला. चाल मोजक्याच स्वरांत फिरते. सा पाश्चात्य ‘डी’ स्वरावर धरला की ‘डी’ आणि ‘ए’ या दोन तारांवर अख्खं सप्तक मिळतं. व्हायोलिनवर तर दोन्ही तारांवर बोटांची ठेवण तीच. या तारा तिन्ही वाद्यांवर आहेत, त्यामुळे एक कडवं व्हायोलिनला, पुढचं चेलोला सहज देता येतं. फक्त प्रत्येक स्वराखाली कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) ठोकू नका, भोंडल्याचं बँडपथक होतं!

गोंधळ रंगतो जास्त, यात वाद नाही. वणीच्या देवीला जाणाऱ्या नाशिककरांना त्याची ओळखही करून द्यावी लागत नाही. चेलोची मोकळी तार बोटाने छेडली की तुणतुण्याचं काम भागतं. अडचण संबळाची. काठ्यांनी वाजणाऱ्या त्या जोडीचा कडकडाट गजातून, म्हणजे तारांवर घासायच्या बो-मधून, निघत नाही. खरा संबळवालाच बोलवावा. शिवाय लय चढली की नवशिक्यांचे गज हमखास मागे पडतात. म्हणून गोंधळ दुसऱ्या वर्षी. तेव्हा मात्र स्नेहसंमेलनात तो शेवटीच ठेवा, त्याच्यानंतर कोणाचंच काही जमत नाही.