ओसाकाचा किल्ला की हिमेजीचा?
आई-बाबांना घेऊन जपानमधल्या ओसाकाला जाताय आणि किल्ला एकच बघायचाय? मग आधी त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा.

ओसाकाचा मनोरा १९३१ साली पुन्हा बांधलेला, काँक्रीटचा. आत लिफ्ट आणि संग्रहालय. हिमेजीचा १६०९चा, अस्सल लाकडी. तिथे बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि शिडीसारखे खडे जिने चढायचे. वरच्या खोल्या बहुतेक रिकाम्याच. शिवाय ओसाकाहून जायला रेल्वेने तासभर.

ओसाकाची खरी गंमत बाहेरच्या बागेत, तीही फुकट: रुंद खंदक, उमेची (जपानी प्लमची) झाडं, आणि साकुरामोन दरवाजाच्या आत ताको-इशी, शंभर टनांवरची अखंड शिळा! ती बघितलीत तर मनोऱ्याचं तिकीट वाचवलं तरी चालेल.

म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर ओसाका. जुनं बांधकाम आतून बघायचं असेल तर हिमेजीच.