एसटीच्या तिकीट यंत्रावरील यूपीआय : परतवाडा–धारणी मार्गावरील अनुभव

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणाऱ्या एसटीने मी दर आठवड्याला प्रवास करते. वाहकाच्या अँड्रॉइड तिकीट यंत्रावर क्यूआर कोड स्कॅन करून भाडे देण्याची सोय गेले वर्षभर मी नियमित वापरली आहे आणि मेळघाटातल्या प्रवाशाच्या दृष्टीने ती कितपत उपयोगी आहे, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

या सोयीचे महत्त्व कळायला सुट्या पैशांचा जाच ठाऊक असावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली आणि २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्यामुळे तिकिटाचा आकडा एक-दोन रुपयांच्या चिल्लरीवर येऊन अडतो. उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून द्यायची, उतरताना आठवणीने मागायची आणि गर्दीत ती राहूनच जायची, हा प्रकार आपण सर्वांनी अनुभवला आहे. दोन रुपयांवरून भल्या माणसांचे आवाज चढलेले मी पाहिले आहेत. माझ्यापुरता तो वाद आता पूर्ण मिटला आहे.

यंत्राची रचना मला विशेष आवडली. किराणा दुकानातल्या चिकटवलेल्या कोडवर रक्कम आपल्याला टाकावी लागते. इथे वाहकाने थांबा आणि सवलत निवडली की नेमक्या भाड्याचा कोड पडद्यावर येतो, आपण फक्त पिन टाकायचा. पैसे पोहोचल्याची खूण यंत्राला मिळाल्यावरच तिकीट छापले जाते, त्यामुळे ‘पैसे आले का?’ असे विचारावे लागत नाही.

खरी अडचण रेंजची आहे. पहिल्याच महिन्यात घाट चढताना मी पैसे दिले, खात्यातून रक्कम कापल्याचा संदेशही आला. पण यंत्र नुसते फिरत राहिले आणि तिकीट काही निघाले नाही. शेवटी रोख द्यावे लागले. तिसऱ्या दिवशी रक्कम आपोआप परत आली. अशा वेळी घाबरू नये म्हणून सांगते : रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, खात्यातून पैसे कापले जाऊनही समोरच्याला ते मिळाल्याची खूण पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी आणि त्याहून उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायला हवी.

त्यानंतर एका अनुभवी वाहकाने मला सोपा मार्ग सांगितला : “ताई, स्टँडवरच स्कॅन करून घ्या जी, घाट लागला का रेंज राहत नाही.” ते स्वतः गाडी सुटण्याआधीच पुढून मागे एक फेरी मारतात आणि ज्यांना फोनवरून पैसे द्यायचे आहेत त्यांची तिकिटे आधी काढतात. यंत्र तेच, रेंजही तीच. पण त्यांच्या गाडीत माझा व्यवहार आजवर एकदाही अडकलेला नाही.

रोख रकमेची जागा मात्र या सोयीने घेऊ नये. मधल्या फाट्यावर चढणाऱ्या कोरकू आजी पदराच्या गाठीतून मोजून नाणी काढतात. त्यांच्या हातात फोन नसतो आणि तिथे रेंजही नसते. त्यांना तिकीट देताना कोणत्याही वाहकाने कपाळाला आठी घातलेली मी पाहिली नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

या मार्गावरून जाणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी, परंतु गाडी सुटण्याआधी, आणि परतीचे भाडे रोख जवळ ठेवूनच. परतवाडा आणि धारणीच्या स्टँडवर फलाटाजवळ ‘फोनवरून भाडे देणाऱ्यांनी तिकीट येथेच काढावे’ अशी पाटी मराठी आणि कोरकू भाषेत लावावी, अशी माझी एसटीला विनंती आहे.